कंपालाजवळची अठ्ठावीस बाळं

१९४९ साली लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा छापून आल्या. गाय्ज हॉस्पिटलात दाखल असलेल्या मुलाला आईवडिलांनी रविवारी दुपारी दोन ते चार या वेळात भेटायचं. सेंट बार्थोलोम्यूजमध्ये बुधवारी दीड तास. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाहीच. संध्याकाळी मूल झोपलेलं असताना त्याला पाहून परत फिरायचं. लंडन हॉस्पिटलात मूल तीन वर्षांखालचं असेल तर पार्टिशनपलीकडून बघायचं. या नियमांमागे दुष्टपणा नव्हता. जंतुसंसर्गाचं भय होतं आणि वॉर्डातला रोजचा अनुभव होता. आई येऊन गेली की मूल रडून आकांत करी, आई आलीच नाही तर चार दिवसांत गप्प होई. गप्प झालेलं मूल रुळलं, असा सगळ्यांचा समज होता.

हा समज मोडून काढता काढता माणसाच्या बालपणाविषयीचं एक नवं शास्त्र उभं राहिलं. आईपासून तुटलेलं मूल असं का वागतं, याचं उत्तर शोधत काही संशोधक थेट उत्क्रांतीपर्यंत पोचले. उत्तर हाती लागलं असं वाटत असतानाच जपान, केनिया, काँगो, कॅमेरून इथल्या मुलांनी ते पुन्हा तपासायला लावलं. ही त्या साठ-सत्तर वर्षांची हकिगत.

दुधापुरती माया

त्या काळी बालमानसशास्त्रात दोन मोठी घराणी होती. अमेरिकेत वर्तनवाद्यांचा जोर होता. त्यांचे अध्वर्यू जॉन वॉटसन यांनी १९२८ साली पालकांसाठी पुस्तक लिहून बजावलं होतं की, मुलांना मांडीवर घेऊ नका, मुके घेऊ नका, फार तर सकाळी हस्तांदोलन करा. युरोपात फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं राज्य होतं. दोन्ही घराण्यांचं एकमेकांशी हाडवैर. पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं. मुलाला आई हवीशी वाटते ती भूक भागते म्हणून. आधी दूध, मग माया. मग दूध वेळच्या वेळी मिळत असेल तर ते कोण देतं याला महत्त्व उरत नाही, आणि रुग्णालयाचा नियमही बरोबर ठरतो.

जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाला हे पटत नव्हतं. त्यांचा जन्म १९०७ सालचा, लंडनच्या एका नामांकित शल्यविशारदाच्या घरातला. त्या वर्गाच्या रीतीप्रमाणे मुलं दायांच्या हाती वाढत आणि आई दिवसातून तासभर, चहानंतर, भेटे. बोल्बींना जिचा सर्वांत लळा होता ती दाई ते चारेक वर्षांचे असताना नोकरी सोडून गेली. पुढे ते बोर्डिंग शाळेत गेले. डॉक्टर झाल्यावर लंडनच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करताना त्यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांचे कागद बारकाईने तपासले. त्यांतल्या १४ मुलांना कुणाविषयीच काही वाटत नसे. आणि त्या १४ पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. हा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला.

दरम्यान महायुद्ध सुरू झालं होतं. बॉम्बवर्षावाच्या भीतीने १९३९ च्या सप्टेंबरात लंडनची मुलं गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून खेड्यांकडे पाठवली गेली. बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या तिघांनी त्याच डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला पत्र लिहून इशारा दिला की, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना असं आईवेगळं केल्याचे परिणाम गंभीर होतील. युद्ध संपलं तेव्हा युरोपभर अनाथ आणि बेघर मुलांची संख्या प्रचंड होती. नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेला या मुलांचं काय करायचं हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम बोल्बींकडे आलं.

१९५० साली त्यांनी फ्रान्स, हॉलंड, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि अमेरिका पालथी घातली, तज्ज्ञांशी बोलले, अनाथालयं पाहिली. १९५१ साली अहवाल आला. लहान मुलाला आईचा, किंवा आईच्या जागी कायम राहणाऱ्या एका व्यक्तीचा, उबदार आणि अखंड सहवास हवाच. तो मानसिक आरोग्यासाठी तितकाच आवश्यक आहे जितकी शरीरासाठी जीवनसत्त्वं. अहवालाचे १४ भाषांत अनुवाद झाले. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी अडीच वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातल्या आठ दिवसांचा चित्रपट काढला. दृश्यं निवडून घेतल्याचा आरोप होऊ नये म्हणून ठरलेल्या वेळी कॅमेरा चालू करायचा असा नियम पाळला. १९५२ साली तो डॉक्टरांपुढे दाखवला तेव्हा सभागृह संतापलं. पण पडद्यावर दिसत होतं ते खोडता येत नव्हतं. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग अलिप्त होतं. वॉर्डातल्या गप्प मुलाचा अर्थ आता वेगळा लागत होता. १९५९ साली सरकारनियुक्त प्लॅट समितीने आईवडिलांना भेटीची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली आणि हळूहळू वॉर्डांची दारं उघडली.

बदकांची पिल्लं आणि जिनिव्हातली बैठक

परिणाम दिसत होता, कारण सापडत नव्हतं. दूध वेळेवर मिळत असूनही मूल खचतं, याचा अर्थ माया दुधातून येत नाही. मग कुठून येते? १९५१ च्या सुमारास जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी बोल्बींना कोनराड लोरेंझ यांचं काम वाचायला सुचवलं. अंड्यातून बाहेर आलेलं हंस-बदकाचं पिल्लू पहिल्यांदा जे हलताना दिसेल त्याच्यामागे चालू लागतं, हे लोरेंझनी १९३० च्या दशकात दाखवलं होतं. तिथे भरवण्याचा प्रश्नच नव्हता; पिल्लाला आईमागे जायचं होतं, एवढंच. बोल्बींना धागा सापडला. माणसाच्या पूर्वजांची बाळं मोकळ्या माळरानावर, हिंस्र श्वापदांच्या टापूत वाढली. रडून, हसून, चिकटून, मागे लागून ज्यांनी मोठ्यांना जवळ ठेवलं ती जगली. आजचं बाळ बंद खोलीत सुरक्षित असेल, पण त्याच्या मेंदूला अजून त्या माळरानाचीच ओळख आहे.

याच सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो स्वतःची माकडं पैदास करू लागले होते, कारण भारतातून येणारी ऱ्हीसस माकडं बऱ्याचदा आजारी निघत. आईवेगळी वाढवलेली पिल्लं पिंजऱ्यात अंथरलेल्या कापडाला घट्ट धरून बसतात हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी दोन खोट्या आया केल्या. एक तारेची, तिच्याकडे दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे काहीच नाही. पिल्लं दूध प्यायला तारेच्या आईकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. १९५८ साली हार्लोंनी हे जाहीर केलं, आणि त्याच वर्षी बोल्बींनी मुलाच्या लळ्याविषयीचा आपला सिद्धांत मांडला. ‘अटॅचमेंट थिअरी’ म्हणून पुढे जगभर गेला तो हाच.

पण आक्षेपही तेव्हापासूनच होते. १९५३ ते १९५६ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने बालविकासावर चर्चा करायला एक अभ्यासगट बोलावला; त्याची पहिली बैठक जिनिव्हात भरली. एका टेबलाभोवती बोल्बी, लोरेंझ, मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड बसत. मीडबाईंनी १९२५ साली सामोआ बेटांवर जाऊन किशोरवयीन मुलींचा अभ्यास केला होता, नंतर न्यू गिनी आणि बाली पाहिलं होतं. मुलं कितीतरी हातांवर वाढतात आणि नीट वाढतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. १९५४ साली त्यांनी स्पष्ट लिहिलं की, एकाच आईशी अखंड बांधलेलं बालपण हे माणसाचं सार्वत्रिक स्वरूप नाही. ज्याला अनेक मायेची माणसं सांभाळतात ते मूल उलट जास्त चांगलं जुळवून घेतं. युद्ध संपलेलं, पुरुष कारखान्यांत परतलेले, आणि आता बायकांनी घरी बसावं म्हणून विज्ञान दाखले पुरवतंय, असाही त्यांचा रोख होता.

दोघांच्याही बाजूत तथ्य होतं. उत्क्रांतीने मुलाला लळा दिला हे बोल्बी सांगत होते. तो लळा कोणत्या घरात, किती माणसांत वाटला जातो हे संस्कृती ठरवते असं मीड सांगत होत्या. दोन्ही गोष्टी एका बाळाच्या अंगावर एकत्र कशा नांदतात हे मात्र कुणी शांतपणे बसून पाहिलेलं नव्हतं. ते पाहणारी बाई तेव्हा कंपालाच्या वाटेवर होती.

युगांडातले नऊ महिने

मेरी एन्सवर्थ मूळच्या अमेरिकेतल्या, वाढल्या कॅनडातल्या टोरांटोत. तिथेच मानसशास्त्रात डॉक्टरेट केली, युद्धात सैन्यात नोकरी केली, १९५० साली लग्न करून नवऱ्याच्या शिक्षणासाठी लंडनला आल्या आणि वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून बोल्बींकडे कामाला लागल्या. बोल्बींचं उत्क्रांतीचं वेड त्यांना पटत नव्हतं. बाळ आईवर प्रेम करतं कारण ती त्याच्या गरजा भागवते, यात एवढं शोधायचं काय, असं त्यांचं मत होतं.

१९५४ साली नवऱ्याला कंपालाच्या ‘ईस्ट आफ्रिकन इन्स्टिट्यूट ऑफ सोशल रिसर्च’मध्ये काम मिळालं आणि मेरीबाईही तिकडे गेल्या. संस्थेच्या प्रमुख ऑड्री रिचर्ड्स या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. मेरीबाईंनी विषय घेतला तो दूध तोडण्याचा. गांडा समाजात मुलाचं दूध तोडताना त्याला काही दिवस आजीकडे पाठवायची जुनी रीत होती. अशी अचानक ताटातूट झालेल्या मुलाचं काय होतं ते पाहायचं होतं. पण गावांत पोचल्यावर कळलं की ही रीत बहुतेक घरांतून गेलेली आहे. मूळ प्रश्न निकालात निघाला. हाती उरली ती कंपालाभोवतालची काही गावं, २६ आया आणि त्यांची २८ बाळं.

मेरीबाई दुभाषी केटी किबुका यांना घेऊन दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जात, दोन तास बसत. बोलणं दिवाणखान्यात, बाकी बायकांच्या सोबतीने होई. बाळ मांडीवर, जमिनीवर, शेजारणीच्या कडेवर. बदल्यात त्या आयांना गाडीतून दवाखान्यात नेत. कुणाचं बाळ कोणाच्या कुशीत रडायचं थांबतं, आई उठून आत गेली की कोण रांगत तिच्यामागे जातं, परका माणूस दिसला की कोण कुठे पळतं, याच्या नोंदी होत होत्या. असे नऊ महिने गेले.

काही आठवड्यांतच त्यांचं मत बदललं. ही बाळं दूध मिळण्याची वाट पाहत पडून राहणारी नव्हती. ती आईला शोधत, तिच्यापासून लांब रांगत जाऊन एखादी वस्तू चाचपत, मान वळवून आई आहे ना ते बघत आणि परत येत. आई हे त्यांचं सुटून निघण्याचं आणि परत येण्याचं ठिकाण होतं. बोल्बी खोलीत बसून जे सांगत होते ते इथे मातीच्या अंगणात चाललं होतं.

त्यांनी मुलांचे तीन गट केले: आईचा लळा असलेली आणि तिच्याजवळ निवांत होणारी, लळा असूनही कायम किरकिर करणारी, आणि अजून लळा न लागलेली. मग हे गट का पडले ते शोधलं. मुलाला दूध वेळापत्रकाने दिलं की मागेल तेव्हा, याने फरक पडत नव्हता. मुलाला सांभाळणारी माणसं एक की अनेक, यानेही नाही. कित्येक बाळांना बापाचा, आजीचा, मोठ्या भावंडांचाही लळा होता. फरक पडत होता तो आईने स्वतः मुलाकडे किती पाहिलं यावर, आणि एका अनपेक्षित गोष्टीवर: ज्या आया आपल्या बाळाविषयी विचारल्यावर बारीकसारीक तपशील सांगत, त्यांची बाळं निवांत निघाली. बाळाच्या खुणा वाचणारी आई महत्त्वाची होती.

या अभ्यासाचं ‘इन्फन्सी इन युगांडा’ हे पुस्तक १९६७ साली आलं. उत्क्रांतीतून आलेल्या लळ्याचा पहिला सविस्तर, प्रत्यक्ष पाहिलेला पुरावा युरोपातल्या वा अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मिळाला नव्हता. तो आफ्रिकेतल्या, अनेक हातांवर वाढणाऱ्या मुलांनी दिला होता.

वीस मिनिटांची परीक्षा

१९६३ साली मेरीबाईंनी हाच अभ्यास अमेरिकेत बाल्टिमोर शहरात पुन्हा केला. पुन्हा २६ कुटुंबं. दर तीन आठवड्यांनी चार-चार तासांची भेट, वर्षभरात प्रत्येक घरी सुमारे ७२ तास. बरंच काही जुळलं आणि काही जुळलं नाही. गांडा बाळ आई परतली की टाळ्या वाजवत तिचं स्वागत करी. बाल्टिमोरचं बाळ मिठी मारी, मुका घेई. त्याहून मोठा फरक असा की आई खोलीबाहेर गेली तर गांडा बाळ लगेच अस्वस्थ होई, बाल्टिमोरचं बाळ खेळत राही. त्याला आईच्या येण्याजाण्याची सवय होती. घरात लळा दिसेना म्हणून मेरीबाईंनी तो दिसावा अशी परिस्थिती मुद्दाम तयार केली.

विद्यापीठातली एक अनोळखी खोली, थोडी खेळणी, एकतर्फी आरशामागे निरीक्षक. वर्षाच्या बाळाला घेऊन आई येते. एक परकी बाई येते. आई जाते, परत येते. मग बाळ एकटं राहतं, परकी बाई येते, शेवटी आई येते. सगळं मिळून सुमारे वीस मिनिटं. बाळ किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं हे पाहायचं. तिच्याकडे जाऊन शांत होणारं मूल ‘सुरक्षित’. तिला टाळणारं ‘टाळणारं’. चिकटतं पण शांत होत नाही ते ‘विरोध करणारं’. बाल्टिमोरमध्ये दोन तृतीयांश बाळं पहिल्या गटात बसली. १९७८ साली हे सगळं पुस्तकरूपात आलं आणि परीक्षा जगभर पसरली. ७२ तासांच्या जागी वीस मिनिटांत निकाल मिळत होता. हे आकर्षण जबरदस्त होतं.

अमेरिकी बाळाचा शांतपणा फोडायला रचलेली परीक्षा आता इतर देशांतल्या बाळांवर लावली जाऊ लागली. उत्तर जर्मनीत बीलेफेल्ड इथे क्लाउस आणि कारिन ग्रोसमान या दांपत्याने ४९ बाळं पाहिली. जवळपास निम्मी ‘टाळणारी’ निघाली. तिथल्या आया वाईट होत्या का? तसं नव्हतं. मुलाने लवकर स्वावलंबी व्हावं, आईच्या पदराला धरून राहू नये, ही त्या भागातल्या घरांची शिस्तच होती. जपानमध्ये साप्पोरोला केइको ताकाहाशी यांनी ६० बाळं पाहिली तर ‘टाळणारं’ एकही मिळालं नाही आणि जवळपास एक तृतीयांश ‘विरोध करणारी’ निघाली. ही बाळं आईजवळ झोपत, तिच्या पाठीवर असत, क्वचितच दुसऱ्याच्या हाती जात. रिकाम्या खोलीत एकटं राहणं हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता. कित्येकदा रडणं इतकं वाढलं की प्रयोग आवरता घ्यावा लागला. परीक्षा तीच, पण अमेरिकी बाळाला किंचित ताण देणारी गोष्ट जपानी बाळाला घाबरवून सोडत होती.

१९८८ साली मारिनुस व्हान आयझेंडोर्न आणि पीटर क्रोनेनबर्ग या डच संशोधकांनी ८ देशांतल्या ३२ अभ्यासांचे, जवळपास २,००० बाळांचे निकाल एकत्र तपासले. बहुतेक ठिकाणी ‘सुरक्षित’ गटच मोठा होता. म्हणजे लळा ही माणसाची सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. पण एकाच देशातल्या निरनिराळ्या अभ्यासांतला फरक दोन देशांतल्या फरकाच्या दीडपट निघाला. ‘जर्मन मूल’, ‘जपानी मूल’ असे शिक्के मारणंही चुकीचं ठरलं. जर्मनीतच दक्षिणेकडे रेगेन्सबुर्गला टाळणाऱ्यांचं प्रमाण बरंच कमी होतं.

संस्कृती किती वाकवू शकते याला मर्यादा आहेत, हे इस्रायलमधल्या किबुत्झ नावाच्या सामूहिक वसाहतींनी दाखवलं. तिथे काही वसाहतींत मुलं रात्रीही आईवडिलांपासून दूर सामूहिक शयनगृहात झोपत, रात्रपाळीच्या राखणदार बायकांच्या भरवशावर. अव्राहाम सागी आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दोन प्रकारचे किबुत्झ ताडून पाहिले. रात्री घरी झोपणाऱ्या मुलांत ८० टक्के ‘सुरक्षित’, शयनगृहातल्या मुलांत ४८ टक्के. दिवसभर अनेकांनी सांभाळणं मुलांना चाललं. रात्री हाकेला ओळखीचं माणूस नसणं चाललं नाही. शयनगृहांची पद्धत पुढे किबुत्झांनीच बंद केली.

अनेक हात

मानववंशशास्त्रज्ञ एव्हाना दुसऱ्या बाजूने याच प्रश्नाकडे आले होते. बोल्बींचं माळरान खरोखर कसं होतं याचा अंदाज शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या आजच्या लोकांवरून काही प्रमाणात बांधता येतो. १९६९ ते १९७१ या काळात मेल्विन कॉनर कालाहारीत कुंग लोकांत राहिले. तिथे बाळ दिवसाचा मोठा भाग आईच्या अंगावर असे आणि तासाला सरासरी चारेक वेळा, दोन-दोन मिनिटं, दूध पिई. बोल्बींचं चित्र खरं ठरल्यासारखं वाटलं. पण १९८० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक आणि जिल्डा मोरेली काँगोच्या इतुरी अरण्यात एफे लोकांकडे गेले, तेव्हा वेगळंच दिसलं. तिथे नवजात बाळ एका हातातून दुसऱ्या हातात सतत फिरत असे. आईखेरीज इतर बायका त्याला पाजतही. चार महिन्यांचं बाळ निम्म्याहून जास्त वेळ आईशिवाय दुसऱ्यांच्या अंगावर असे. दोन्ही समाज शिकारी, दोघांच्या बालपणाची रीत मात्र एक नव्हती.

केनियातल्या गुसी शेतकऱ्यांकडे रॉबर्ट लेव्हाइन यांनी १९७४ ते १९७६ या काळात पाहिलेल्या आया बाळाला रात्रंदिवस जवळ ठेवत, रडू फुटायच्या आत छातीला लावत. पण त्याच्याशी खेळत नसत, डोळ्यांत डोळे घालून बडबडत नसत. अमेरिकी आया आपल्या रडणाऱ्या मुलांना थोडा वेळ तसंच राहू देतात, हे चित्रफितीत पाहून गुसी आया अस्वस्थ झाल्या. लेव्हाइन यांनी यातून सूत्र काढलं: जिथे मुलं मरण्याची भीती मोठी तिथे आईबाप आधी जीव वाचवण्याचं पाहतात, नंतर पोट भरण्याचं शिक्षण, नंतर समाजाचे संस्कार. शहरी अमेरिकेत मुलाच्या जिवाची खात्री असल्याने आई पहिल्या महिन्यापासून बोलण्याचे धडे देऊ शकते. दोघीही आपापल्या जगासाठी मूल तयार करत असतात.

मग एक मूलभूत प्रश्न सारा ब्लाफर हर्डी यांनी विचारला. त्यांची सुरुवात राजस्थानातल्या अबूच्या पहाडावर, हनुमान वानरांचा अभ्यास करताना झाली होती. त्यावरचं पुस्तक १९७७ सालचं. कळपातल्या इतर माद्या वानरीचं नवजात पिल्लू उचलून फिरतात आणि ती फिरू देते, हे त्यांनी पाहिलं होतं. चिंपांझी किंवा गोरिला आई मात्र पिल्लाला महिनोन्‌महिने कुणाच्या हाती देत नाही. चिंपांझी मादीला दोन पिल्लांमध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर लागतं. माणसाचं मूल तिच्या पिल्लाहून कितीतरी जास्त काळ परावलंबी असतं, तरी शिकारी समाजांत तीन-चार वर्षांत पुढचं मूल होतं. मूल मोठं होईपर्यंत एक कोटीहून अधिक कॅलरी लागतात. त्या एकटी आई मिळवू शकत नाही. मग आपला वंश टिकला कसा?

उत्तर टांझानियातल्या हाड्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स यांना दिसलं होतं. म्हाताऱ्या बायका दिवसभर कठीण जमिनीतून कंद उकरत. आई नव्या बाळात गुंतली की दूध तुटलेल्या मोठ्या मुलाचं वजन आजी किती कंद आणते यावर ठरे. रेबेका सिअर आणि रूथ मेस यांनी २००८ साली ४५ समाजांतल्या मुलांच्या जगण्या-मरण्याच्या नोंदी पाहिल्या. आईची आई जवळ असली की मूल जगण्याची शक्यता बहुतेक ठिकाणी वाढलेली दिसली. बापाच्या असण्या-नसण्याचा परिणाम त्या मानाने थोड्याच समाजांत होता. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत कशी पडली ते वेगळं शोधावं लागेल, पण बाळंतिणीजवळ तिची आई असण्याचा उपयोग आकडेवारीतही दिसतो एवढं खरं. २००९ सालच्या ‘मदर्स अँड अदर्स’ या पुस्तकात हर्डी यांनी सगळे धागे जुळवले. माणूस हा एकत्र मिळून पोरं वाढवणारा प्राणी आहे. ज्या बाळाला एकीच्या भरवशावर न राहता अनेकांची मर्जी राखावी लागते, त्याला चेहरे वाचता यावे लागतात, कोण जवळचं ते ओळखावं लागतं, प्रत्येकाला आपलंसं करावं लागतं. भाषा आणि संस्कृती येण्याच्या खूप आधी ही तयारी झाली असावी असं त्यांचं म्हणणं.

बोल्बी आणि मीड यांच्या भांडणाची गाठ इथे सुटते. उत्क्रांतीने माणसाच्या मुलाला एक ठरीव बालपण दिलेलं नाही. तिने दिलं ते लांबलचक परावलंबन, भोवतालच्या माणसांचा लळा लावून घेण्याची ओढ, आणि आपण कोणत्या जगात जन्मलो हे त्या माणसांकडून शिकण्याची कुवत. २००४ साली हायडी केलर यांच्या अभ्यासात कॅमेरूनच्या न्सो शेतकऱ्यांची दीडएक वर्षांची मुलं मोठ्यांचं सांगणं लवकर ऐकू लागलेली होती, तर अथेन्सची शहरी मुलं आरशातल्या स्वतःला लवकर ओळखत होती. कोस्टा रिकाची मुलं दोघांच्या मध्ये होती. जे मूल अंगाशी धरून वाढवलं त्याला आधी ‘आपण’ कळलं. ज्याच्याशी समोर बसून बोललं गेलं त्याला आधी ‘मी’.

हिशेब

या सगळ्या प्रवासाचं फळ मोठं आहे. रुग्णालयांत आईवडिलांना मुलाजवळ राहता येऊ लागलं, मोठी अनाथालयं बंद करून कुटुंबात मुलं ठेवण्याकडे कल वाढला, आणि रडणाऱ्या मुलाला उचललं तर ते बिघडतं हा सल्ला निदान पुस्तकांतून गेला. त्याची किंमतही चुकवावी लागली. बोल्बींच्या अहवालाचा सोपा अर्थ लावून नोकरी करणाऱ्या आयांना दोन पिढ्या अपराधी वाटायला लावलं गेलं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांच्या मुलांना कुणाकडे ठेवायचं हे ठरवताना एक आई, एक मूल अशा लळ्याच्या कल्पना वापरल्या जातात, आणि अनेक नातेवाइकांत वाढणारं मूल त्या मापात बसत नाही, अशी टीका तिथल्या अभ्यासकांनी केली आहे. मानसशास्त्रात ही अडचण लळ्यापुरतीच नाही. २००८ साली जेफ्री आर्नेट यांनी दाखवलं की, अमेरिकेतल्या प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतल्या अभ्यासांत भाग घेणारे ९६ टक्के लोक जगाच्या १२ टक्के लोकसंख्येतून आलेले होते. उरलेल्या ८८ टक्के माणसांच्या मुलांना बहुतेक वेळा अपवाद म्हणून मोजलं गेलं.

मेरीबाईंना हे जाणवलं होतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी खंत व्यक्त केली की, संशोधक त्यांनी रचलेल्या परीक्षेला चिकटून बसले आणि घराघरांत जाऊन पाहणं सोडून दिलं. हे शहाणपणाचं नाही असंही त्या म्हणाल्या. १९९९ साली त्या गेल्या. त्यांच्या परीक्षेने बाळांचे गट पाडता आले, पण त्या गटांचा अर्थ प्रत्येक वेळी बीलेफेल्डच्या घरच्या शिस्तीतून, साप्पोरोच्या अंथरुणातून किंवा किबुत्झच्या रात्रीतून लावावा लागला. वीस मिनिटांच्या निकालाला अर्थ मिळतो तो त्यामागच्या घराचे महिने ठाऊक असतील तेव्हाच, आणि ते महिने काढायला अजूनही कुणीतरी गावात जाऊन बसावं लागतं.